सतरा नंबरचं पोतं

मोहफुलांचा माल बंदरावर अडला, ही खबर धानोऱ्याच्या गोदामात सोमवारी आली. मंगळवारी, ज्या गावचा माल होता त्या गावच्या बायांना बोलावणं गेलं. लालसूही त्यांच्यासोबत आला आणि दाराशी टेकून बसला. त्याची बायको बुधरी फुलं गळायच्या ऐन दिवसांत गेली होती. तिच्या नंबरवर अर्धी मोहफुलं तिनं वेचली, अर्धी त्यानं.

या गोदामात बारा गावांची फुलं येत. निवडून पोत्यात भरत, पोत्यावर वेचणारीचा नंबर लावत, आणि मग ती जहाजानं परदेशात जात. तिकडच्या व्यापाऱ्याची एकच अट होती. वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा नाही, जाळी अंथरून फुलं झेलायची.

"बंदरावर मशीननं तपासलं, फुलांत धूर सापडला," गोदाम सांभाळणारी करिश्मा म्हणाली. "सतरा नंबरचं पोतं."

सतरा नंबर बुधरीचा. लालसूकडं कोणी पाहिलं नाही.

"गावात बिड्या ओढणारे पन्नास," बायांच्या गटाची अध्यक्ष दुर्गा म्हणाली, "अन् त्या मशीनले बुधरीचाच धूर दिसला!"

कोणी हसलं नाही. करिश्माही दोन दिवस फोन करून थकली होती. तिनं मधला रस्ता काढला.

"बुधरीबाई तं आता नाई. पाला तिनंच जाळला असं लिहून टाकू, नंबर बंद करू. बाकी गावाचा माल सुटते."

बायांचा जीव भांड्यात पडला. चाळीस घरांची फुलं अडली होती. मेलेल्या बाईचं आता काय जाणार होतं?

लालसू उठून उभा राहिला. गावात पहिली जाळी बुधरीनं अंथरली होती. झाडाखाली मासे धरते का, म्हणून याच बाया तेव्हा हसल्या होत्या.

"तिचं नाव लिवू नका," तो म्हणाला. "तिनं कधी पाला जाळला नाई."

"मंग धूर कुठून आला, भाऊ?" दुर्गानं विचारलं.

"माह्या हातून झालं. पाला मीबी नाई जाळला. ती गेली, अन् घरातली तिची चूल पेटवायले माहा हात धजला नाई. अंगणात तीन दगड मांडले, तिथीच भात शिजवला. वर मांडवावर फुलं वाळत होती. मले समजलंच नाई."



करिश्मानं ते सगळं लिहून घेतलं. कागदावर शेवटचा एक रकाना उरला. तो भरल्याशिवाय गावाचं नाव व्यापाऱ्याच्या यादीत परत लागत नव्हतं.

"चूक दुरुस्त केली का, विचारून राह्यले इथी," ती हळूच म्हणाली. "चूल आत नेली का, भाऊ?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडं पाहत होत्या.

"नाई," लालसू म्हणाला. "अजून नाई."