फाक काढल्याशिवाय

जळगावच्या कॉलेजातले लीलाधर सर फाक काढून चाखल्याशिवाय टरबूज कधीच घेत नसत. विकणाऱ्याने पोराची शपथ घेतली, तरी नाही.

केळीतल्या एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधायची, तर आधी द्रावणाच्या थेंबात त्याचा स्फटिक वाढायला हवा. चौदा महिने सरांचा थेंबामागून थेंब नासला. आज मात्र एका थेंबात खसखशीएवढा स्फटिक लख्ख चमकत होता. उद्या तो मुंबईच्या यंत्रावर न्यायचा होता. वर्षभर थांबून तारीख मिळाली होती.

"पण हा द्रावणातल्या मिठाचाच निघाला तर?" सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सर पुटपुटले. "तिथं चारचौघांत हसं होईल. सुईनं दाबला की लगेच कळतं. मिठाचा कर्रकन मोडतो, प्रथिनाचा मऊ असतो."

"भाऊ, एकच शे ना तो?" काचसामान धुणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या. "तसाच ली जा."

"न तपासता?" सरांनी सुई टेकवली.

कर्रकन काही झालंच नाही. लोण्यात जावी तशी सुई आत गेली आणि स्फटिकाचा भुगा थेंबात पसरला.  सरांचा डोळा भिंगावरून निघेना.

सुगंधाबाईंनी पदराला हात पुसले. "काय भाऊ, टरबूज गोड निंघनं का?"

"गोड होतं, अक्का," सर कसेबसे म्हणाले. "फाकेतच संपलं."