चौसष्ट घरं, एक हरकत

लडकू तरे वळ गावातल्या गोदामाच्या गेटवर ड्युटीला होता. एका ट्रकचा नंबर वहीत लिहीत असताना फोन वाजला. खालच्या खोलीतला अफजल बोलत होता. मागे माणसांचा गलका होता.

"लडकूभाई, घरी या. वरचा स्लॅब पडला."

"रंगू कुठं हाय?"

"तुम्ही आधी या," अफजल म्हणाला. तेवढ्यावरून लडकूला कळलं.

रंगूबाई भाकऱ्या करत होती. परातीत पीठ तसंच राहिलं. इमारत धोकादायक असल्याची नोटीस जिन्याजवळ तीन वर्षं चिकटलेली होती. इमारत खाली करा, असं तीत लिहिलेलं होतं. जायचं कुठं, ते लिहिलेलं नव्हतं.

खरं तर जायला जागा होती. गावच्या गुरचरणीत चौसष्ट घरकुलं मंजूर झाली होती. निधी आला होता. यादीही लागली होती. लडकू बाविसावा, अफजल तेविसावा.

"म्हणजे तिथंबी शेजारी," अफजल तेव्हा म्हणाला होता. "इथल्या पावरलूमचा खडखडाट सुटेल, तुमचं भांडण काय सुटणार नाय."

रंगूबाई पदराआड हसली होती.

मोजणीच्या दिवशी लडकूनं सुट्टी टाकली. मोजणीदाराच्या मागं फिरून स्वतः खुंट्या ठोकल्या. तळ्याजवळच्या भोकरापाशी मात्र तो थांबला.

"हे झाड ऱ्हावू द्या साहेब. भवतालची जागा बी. म्हाताऱ्यांना बसाया."

"बस ना बाबा," म्हणत मोजणीदारानं नकाशावर झाडाभोवती गोल काढला आणि आत लिहिलं, 'मोकळी जागा'.

घरी येऊन लडकूनं बायकोला सगळं घर हातानं आखून दाखवलं. दार इथं, मोरी तिथं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तळ्याकडंबी घरं होणार का?"

"समदीकडं होणार," तो खुशीत म्हणाला.

त्या वर्षी तिनं भोकराचं लोणचं घातलं नाही. तिच्या हातचं लोणचं गावात नावाजलेलं. भोकरं ती नेहमी वज्रेश्वरीच्या बाजारातून आणायची. तळ्याजवळचं झाड लगडलेलं असलं तरी त्याला हात लावत नसे. लडकूनंही तिला कधी कारण विचारलं नव्हतं.

महिन्याभरात काम थांबलं. जागेवर एक हरकत आली होती. एकच. कचेरीनं सुनावणीच्या तीन तारखा दिल्या. हरकतदार एकदाही आला नाही, म्हणून निर्णय झाला नाही. निर्णय नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून निधी परत गेला. कोणाचंच काही चुकलं नाही, फक्त रंगूबाईच्या अंगावर स्लॅब पडला.

हरकत गोदामवाल्या शेठची, असं गाव म्हणत होतं. गुरचरणीवर त्याचा डोळा होता. तेराव्यानंतर लडकूनं त्याच्या गेटची नोकरी सोडली आणि कचेरीच्या फेऱ्या सुरू केल्या.

घरकुलाच्या टेबलावर सुकन्या नावाची मुलगी नुकतीच बदलून आली होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काका, फाईल शोधून ठेवते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"गावली का फाईल?"

"गावली."

"मंग हरकत घेणाऱ्याचं नाव सांग."

"नाव कळून काय करणार, काका?"

"तोंडावर जाऊन विचारणार. झोप लागते का, म्हून."

"राहू द्या ना. चहा घेता का?"

"शेठनं चहा पाजला जणू तुलाबी," लडकू म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लडकूला वाटलं, टोला बरोबर बसला.

ग्रामसभेत तो उभा राहिला. सुकन्या कचेरीच्या वतीनं पुढच्या खुर्चीवर बसली होती.

"ज्यानं ही हरकत घेतली, त्यानं माझी बायको मारली," तो म्हणाला. "त्याच्या घरात चूल पेटू नये. त्याचं नाव घेणारं कोण उरू नये."

सभेत टाळ्या पडल्या. सुकन्या उठून बाहेर गेली.

"बस झालं, लडकूभाई," अफजल हळूच म्हणाला. "घरी चला. जेवलात कधी?"

लडकूनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मुदत संपायच्या दिवशी सुकन्यानं लिफाफा पुढं केला.

"घरी नेऊन वाचा, काका. इथं नको."

"इथंच वाचणार. समद्यांसमोर."

त्यानं कागद काढला. तो चौथीपर्यंत शिकला होता. अक्षर कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याचं होतं, सुटं, लागणारं.

'तळ्याजवळच्या भोकराखाली माझी बारा दिवसांची लेक पुरलेली आहे. आमच्यात जागा आईला सांगत नाहीत. मालकांनी सांगितली नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला भोकराचा चीक लागला होता, त्यावरून मी ओळखली. लेकीवर घर बांधू नये. मला जागा ठाऊक आहे, हे मालकांना कळू देऊ नये.'

खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता. शेजारी लिहिलं होतं, रंगूबाई लडकू तरे.

त्या कागदाखाली मोजणीचा नकाशा टाचलेला होता. त्याची तारीख हरकतीच्या महिनाभर आधीची. भोकराभोवती गोल. मोकळी जागा.

निधी पुन्हा यायचा तर हरकत मागे घ्यावी लागते, आणि त्याला आता वारसाची, म्हणजे लडकूची, सही लागते. अफजल अजून त्याच इमारतीत राहतो. सही झालेली नाही.