काकांची सीट

“दुसरा गिअर पडतच नाही. ओढून ओढून खांदा भरून आला,” रत्नप्रभाकाकू गाडीतून उतरत म्हणाल्या.

लोहारा गावातल्या आपल्या गॅरेजात सुनीलने हात पुसले. गाडी वीस वर्षांची, पण नव्या नवरीसारखी जपलेली.

“रोज कोन चालवते, काकू?”

“ह्यांची गाडी ती. मी आत्ता कुठे शिकले. क्लासच्या गाडीत तर गिअर छान पडायचे.”

काकूंना दिग्रसला जायचं होतं. लेक अनघा बाळंत झाली होती. नात महिन्याची झाली, तरी आजीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मागे डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि हाताने शिवलेली दुपटी. आज जायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं, असा त्यांचा बेत होता.

“पयलं बाळंतपन तं माहेरीच राह्यते ना?”

“जमलं नाही,” काकू म्हणाल्या.

“मंग एसटीनं काहून नाही गेल्या?”

“एसटीत ओळखीचे भेटतात. चौकशा करतात.”

सुनील विषय सोडून गाडीत जाऊन बसला. लोकांना दुसऱ्याच्या दुखण्यात बोट घालून बघायची भारी हौस असते, हे त्याला ठाऊक होतं.

इंजिन बंद ठेवून त्याने गिअर टाकून पाहिले. सरळ पडले. चालू करून टाकले, तरी पडले. क्लचची केबल बघितली, गिअरचं ऑइल बघितलं. गाडीत काही खोट नव्हती.

“आता तुमी चालवा बरं. मी बाजूले बसतो.”

काकूंनी दुसरा टाकला आणि खर्रकन आवाज झाला. सुनीलने खाली पाहिलं. सीट इतकी मागे होती, की काकू काठावर सरकून बसल्या तरी त्यांचा पाय क्लच पुरता दाबू शकत नव्हता. अर्ध्या क्लचवर गिअर पडणार कसा?

“अवो काकू, गाडी चांगली हाय. सीट समोर घ्या फक्त.” त्याने खालच्या दांडीला हात घातला.

“नको!” काकूंनी त्याचं मनगट धरलं. “ह्यांची सीट आहे. अशीच राहू दे.”

सुनीलने दांडीवरचा हात काढून घेतला. बाप जाऊन चार वर्षं झाली, तरी त्याची आई बापाच्या खाटेवरची चादर कोणाला बदलू देत नव्हती. काकूंच्या कपाळावर कुंकू होतं. हल्ली बायका पुसत नाहीत, ते बरंच करतात.

त्याने खडू आणला. “हे पाहा, इथं रेघ मारून देतो. वापस आल्यावर रेघेले लावून द्या. सुताचा फरक नाही पडनार.”

सीट पुढे आली. दुसरा गिअर अलगद पडला, मग तिसरा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“घर खायला उठतं रे,” त्या म्हणाल्या.

“एकटं वाटलं तं येत जा, काकू. आमची आई बी एकटीच बसून राह्यते.”

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी घाईने इंजिन बंद केलं, डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

“अहो, पोहोचलात का नेरला?... मी घरीच आहे... गाडीला कोण हात लावतंय! शेडमध्येच आहे... अनघाचा? नाही हो, तिचा फोन मी उचलतच नाही.”