अडकलेली तिन्हीसांज

"तिन्हीसांजेला आडवं होऊ नये," म्हणत सासूबाई घड्याळाच्या हिशेबाने तिसरा दिवस खाटेवर ताठ बसून होत्या. पृथ्वी फिरायची थांबली तेव्हा हर्णैचा सूर्य समुद्राला टेकला होता, तो तसाच राहिला.

"आई, ही सांज आता सरायची नाही. झोपा हो!" मृणाल काकुळतीला आली. शेवटी तिने समुद्राकडच्या खिडकीचा जाड पडदा ओढला आणि खोटंच सांगितलं, "मावळला एकदाचा."

सासूबाई तत्काळ घोरू लागल्या. मृणालचाही तिथेच डोळा लागला.

"ऊठ गं, उजाडलं! सूर्य चांगला वर आलाय," सासूबाईंनी हरखून हाक मारली.

मृणालने पडद्याकडे पाहिलं. कडेने लख्ख ऊन आत येत होतं. सूर्य खरंच वर आला होता, समुद्रातून.