आधी तुझा हात

१६८/१०४

"आधी तुझा हात," धुळाप्पा म्हणाला. "मशीन खरं बोलतंय का बघू."

महानंदानं पदराला हात पुसले. पहाटेपासून ऑर्डरच्या कडक भाकऱ्या थापून तिचे खांदे भरून आले होते.

"बीपी तुमचं, मामा, आन् पट्टा मला?"

"पाच मिनिटं गप बस. धापा टाकत बसलीस तर मशीन गडबडतंय." त्यानं मशीनचा पडदा स्वतःकडं वळवला.

गच्चीवर कोवळं ऊन होतं. आठनंतर सोलापूरचं ऊन सोसवत नाही, म्हणून सासऱ्यानं सातची वेळ धरलेली. पण सुनेशिवाय तो जिना चढायचा नाही.

मागे तिला चक्कर आली होती. तिचे रिपोर्ट आणायला गेलेला धुळाप्पा स्वतःचंच बीपी सांगत परतला. "तुला नुसता अशक्तपणा हाय, रोज एक गोळी. माझंच लई वाढलंय."

तिची सासू बीपीनं अशीच गेली होती, चुलीपुढं, बसल्या जागी.

१५०/९४

तिनं घरातलं मीठ तोडलं. शेंगाचटणीसुद्धा अळणी.

"माझ्यापायी तू कशाला अळणी खाती?"

"दोन-दोन कालवणं कोण करणार?"

तो मान खाली घालून जेवायचा. तिनं तिची गोळी गिळली, की पाठ फिरवून आपली घ्यायचा.

१३८/८८

"सांगोल्याकडं मेंढरंबी उनात अंग शेकून मगच हलत्यात," तो म्हणाला. "तू उठली की तव्याफुडं."

"आकडे दावा की तुमचे."

"नगं. सुनेनं बघितलं की वाढत्यात."

ती हसली. त्यानं आकड्यांची वही कमरेला खोचली. किती वर्षांनी ती अशी सकाळची नुसती बसली होती!

१२६/८०

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "वा! गोळी मात्र बंद करायची नाही. मीठही कमीच ठेवा."

महानंदाचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. "लई उपकार झाले, बाई. आमच्या मामांचं बीपी उतरलं."

डॉक्टरीणबाईंनी धुळाप्पाकडं पाहिलं. तो खिडकीतल्या उन्हाकडं बघत राहिला.

त्यांनी फाईल तिच्यापुढं फिरवली.

रुग्णाचे नाव : महानंदा बिरुदेव वाघमोडे. वय ३८.