शेवटचा घास

हंगेरीच्या जंगलात शिकार झाली की जनावराच्या तोंडात ओकची डहाळी ठेवतात. मेलेल्याचा तो शेवटचा घास. वाटाड्या वेंडेलने तांबड्या हरणाच्या तोंडात ती ठेवली, टोपी काढून मान झुकवली. वर पाहिलं तर तोंड रिकामं.

"म्हातारे झालात काका, ठेवायलाच विसरलात!" परदेशातून शिकारीला आलेला योस्ट हसला.

वेंडेलने दुसरी ठेवली. तीही गेली. शेजारी मारून ठेवलेल्या रानडुकराच्या तोंडातली मात्र जागच्या जागी होती. बायको गेल्यापासून वेंडेलला कशाचंच काही वाटत नसे. आता भीतीही वाटली नाही.

तिसरी ठेवून तो टक लावून बघत राहिला. हरीण हललं नाही.

"काका," योस्टचा आवाज चिरकला, "तुम्ही काय चावताय?"

तेव्हा कुठे वेंडेलच्या जिभेला कडू पाला लागला.