जो गैरहजर, तो चिटणीस

बाईंनी हरकतकाकांचं नाव पुन्हा एकदा पुकारलं. कोणी "हजर" म्हटलं नाही. सगळा हॉल मागे वळून दाराकडे पाहू लागला. कोणीतरी गैरहजर होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वसाहतीच्या वार्षिक सभेत चिटणीसपदाची निवडणूक अशी कधी होतच नसे. उभं राहणार कोण? म्हणून फार पूर्वीपासून रीत पडली होती, जो सभेला गैरहजर, तो चिटणीस. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई एका वर्षी मावसभावाच्या लग्नाला गेल्या आणि परत आल्या त्या चिटणीस होऊनच. त्यानंतर मात्र सगळे शहाणे झाले. कोणी तापाने फणफणत आलं, कोणी प्लॅस्टरमधला पाय ओढत आलं. एक जण तर बायकोला बाळंतपणाच्या खोलीत सोडून आला, "हजर" म्हणाला आणि तसाच परत पळाला. गैरहजर कोणी सापडेना, त्यामुळे बाईंच्या गळ्यातलं लोढणं काही सुटेना.

लोढणंच होतं ते. बाई दिवसभर शाळेत, नवरा छापखान्यात रात्रपाळीला. दोघं एकत्र घरात असत ती फक्त संध्याकाळी, आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजे. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या गाडीपुढे गाडी, कुणाचं कुत्रं कुणाच्या कुंडीत. नवरा आधी चिडायचा, मग हसण्यावारी न्यायला लागला. हल्ली तो काहीच म्हणत नसे. बेल वाजली की आपलं ताट उचलायचा आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचा. त्याच्या चिडण्यापेक्षा हे ताट उचलणं बाईंना जास्त लागायचं. आज निघताना त्यांनी त्याला शब्द दिला होता की यंदा काही झालं तरी मोकळी होऊन येते.

अध्यक्षांच्या जागी बसलेले दातांचे डॉक्टर घाईत होते. ते नेहमीच घाईत असत, फक्त त्यांच्या दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या माणसाला तसं कधी वाटत नसे.

"चला, म्हणजे ठरलं," ते म्हणाले. "हरकतकाका चिटणीस."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काकांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेला हा माणूस सभेत प्रत्येक विषयाला हरकत घ्यायचा. एकदा तर त्यांनी आभारप्रदर्शनालाही हरकत घेतली होती. शेजारी बसलेल्या काकू सदरा ओढून त्यांना खाली बसवायच्या. मागच्या सभेनंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. तेव्हापासून काकांचं दार बंद असे. लोक तिथून जाताना आवाज खाली आणत, मुलांना तिथे खेळू देत नसत. त्यांना त्रास नको, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

"अहो डॉक्टर, त्या माणसावर काय वेळ आलीय," कपडे शिवणाऱ्या वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या डोक्याला आणखी हा ताप कशाला?"

माना डोलल्या. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर चांगुलपणा आला. फुकटात मिळणारा चांगुलपणा लोक कधी सोडत नाहीत. मग हळूहळू सगळे बाईंकडे पाहू लागले.

बाई पेनाचं टोपण काढत राहिल्या, घालत राहिल्या. रीत म्हणजे रीत, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. नवरा कामावर निघायच्या आत घरी पोचायचं आणि दारातूनच त्याला सांगायचं, सुटले एकदाची. पण बायको गमावलेल्या माणसाच्या गळ्यात आपलं ओझं अडकवून सुटायचं, हे काही त्यांच्याच्याने होईना. त्यांना स्वतःचा राग आला. वहिनींचा आला, डॉक्टरांचा आला, आणि का कोण जाणे, सगळ्यांत जास्त हरकतकाकांचा आला. सगळे येतात तसं पाच मिनिटं येऊन गेला असता माणूस, तर काय बिघडलं असतं?

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बघते मीच आणखी एक वर्ष."

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबायच्या आत निम्मा हॉल चपला शोधत होता.

बाई तडातडा घराकडे निघाल्या. नवऱ्याला काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या, पण एकही वाक्य धड जुळत नव्हतं. हरकतकाकांच्या घरापाशी आल्या आणि थबकल्या. दार सताड उघडं होतं. काका दारातच उभे होते, दाढी केलेली, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मागे खोलीत दिवे लावलेले, भिंतीशी ओळीने खुर्च्या मांडलेल्या.

"संपली का सभा?" त्यांनी विचारलं. बोलताना ते बाईंच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत होते, मागून आणखी कोणी येतंय का ते. "कोण झालं चिटणीस?"

"मीच, काका. तुमचं नाव निघालं होतं, पण सगळ्यांनी समजून घेतलं. तुम्ही अगदी निश्चिंत राहा. तुमची बेल कोणीसुद्धा वाजवणार नाही."

काकांनी वळून खुर्च्यांकडे पाहिलं. मग पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"अहो बाई," ते म्हणाले, "मग मी आज मुद्दाम घरी कशाला बसलो?"